दौलतरावांचा वरचा सूर

दौलतराव ताकसांडे पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा माझ्या बायकोला वाटलं की कुणीतरी भांडायला आलंय. रविवारची सकाळ होती. फाटकाला सायकल टेकवून ते तिथूनच विचारत होते, "पेपरात नाटकाचं लिवते थे मास्तर इथंच राह्यते काय?" आवाज एवढा मोठा, की समोरच्या घरातली बाई हातातलं काम टाकून दारात आली.

मी बाहेर गेलो. पंचेचाळिशीचा उंच, सावळा माणूस. भुवयांत आणि कानांच्या पाळ्यांवर कापसाचं पांढरं तूस अडकलेलं. हातात वर्तमानपत्राचा बोटभर तुकडा.

मी तेव्हा हिंगणघाटच्या एका शाळेत मराठी शिकवत होतो आणि एका दैनिकाच्या जिल्हा पानावर नाटकांविषयी लिहीत होतो. चारच दिवसांपूर्वी दौलतरावांचं नाटक पाहून मी दोन रकाने भरून त्यांचं कौतुक केलं होतं. त्या दोन रकान्यांत एकच वाक्य दोषाचं होतं. दुसऱ्या अंकातल्या पदात ते श्वास अपुरा घेतात आणि कडव्याचं शेवटचं अक्षर गिळलं जातं, असं काहीतरी. बाकी सगळा लेख सोडून त्यांनी तेवढंच वाक्य ब्लेडनं कापून आणलं होतं.

"हे तुमी लिवलं?"

"हो."

"कोन्तं अक्षर?"

मी सांगितलं. ते तिथेच, तुळशीच्या कुंडीजवळ उभे राहून ते कडवं गायले. समोरच्या दारातली बाई तोंडावर पदर धरून ऐकत राहिली. कडवं संपलं तसं त्यांनी विचारलं, "आता?"

"आता आलं पूर्ण."

"मंग ठीक आहे." आणि सायकलकडे वळले. चहा घ्या म्हटलं तर नको म्हणाले. मी न राहवून विचारलं, "बाकीचा लेख वाचला नाही का?"

"थे माह्या बायकोनं, कमलनं वाचलं. तिले बरं वाटलं. कौतुकानं घसा नाई सुधरत, सर."

ही आमची ओळख. पुढची दहा-अकरा वर्षं हा क्रम चालला. प्रयोग व्हायचा, मी लिहायचो, आणि येत्या रविवारी दौलतराव दोषाचं तेवढं वाक्य घेऊन फाटकाशी हजर.

ते एका जिनिंग फॅक्टरीत फिटर होते. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांच्या ओळीच्या ओळी, आणि त्यांच्या मधल्या बोळातून दौलतरावांचं अख्खं आयुष्य गेलेलं. कोणता रोलर बिघडतोय हे ते यंत्राला हात न लावता सांगायचे, नुसत्या आवाजावरून. मी एकदा त्यांना भेटायला तिथं गेलो होतो. दोन मिनिटांत माझं डोकं भणभणायला लागलं. बोललेलं काही ऐकू येईना. दौलतराव मात्र माझ्या कानाशी तोंड आणून मजेत म्हणाले, "ऐका, ऐका. थे खालून येऊन राह्यला न, थो आपला सा."

मला नुसता गोंगाट ऐकू येत होता. त्यांना त्यात षड्ज सापडला होता. वयाच्या अठराव्या वर्षापासून ते यंत्रांच्या त्या घुंईवर सूर लावत आले होते. रीतसर कुणाकडे शिकले नव्हते. वस्तीत जयंतीला गाणी म्हणायचे, तिथे फॅक्टरीतल्या एका कारकुनानं त्यांना ऐकलं. या कारकुनाला नाटकं लिहायचा नाद होता. त्यानं एक संगीत नाटक लिहिलं आणि मुख्य भूमिका दौलतरावांना दिली. वेणा नदीवर नाव चालवणारा एक म्हातारा, ज्याची मुलगी पुरात वाहून जाते. शेवटच्या अंकात तो काठावर उभा राहून नदीला हाक घालतो, "थांब ग वेणे, घडीभर थांब." त्यातल्या दुसऱ्या 'थांब'वर दौलतराव वरच्या पंचमाला जायचे आणि तिथे उभे राहायचे. ओरडणं नाही, ताण नाही. सूर नुसता लांबत जायचा आणि बघणाऱ्याचाच श्वास अडकायचा.

कारंज्याला एकदा याच जागी वीज गेली. हायवेच्या बाजूला मंडप होता, संध्याकाळची वेळ. माईक बंद, दिवे बंद, जनरेटर सुरू होईना. लोक उठायला लागले. पेटीवर उमरे होते. दौलतरावांचे जुने सोबती, स्वभावानं भित्रे. त्यांनी पेटी मिटायला घेतली. तेवढ्यात अंधारातून दौलतरावांचा आवाज आला, "उमरे, सूर धर." आणि ते गायले. माईकशिवाय, उघड्या मंडपात. उठलेले लोक होते तिथेच थांबले. पलीकडच्या ढाब्यावरून दोन ट्रकवाले हातात रोटी घेऊन रस्ता ओलांडून आले. त्यांना मराठी येत नव्हतं. पद संपल्यावर त्यातल्या एकानं मला विचारलं, "इनका कौन मर गया?"

मी त्या प्रयोगावर लिहिलं तेव्हा दोष एकच सापडला, की टाळ्या पडत असताना त्यांनी भूमिका सोडून वाकून नमस्कार केला. रविवारी ते आले आणि म्हणाले, "खरं आहे. म्हातारा कायले नमस्कार करन? त्याची पोरगी मेली आहे."

पुढे हे नाटक स्पर्धेत निवडलं गेलं आणि अंतिम फेरीसाठी पुण्याला गेलं. तिथे एक वृद्ध समीक्षक होते. त्यांच्या लेखणीला भले भले नट घाबरायचे. त्यांनी अर्धं पान दौलतरावांवर लिहिलं. असा निकोप वरचा सूर मराठी रंगभूमीवर आपण फार वर्षांनी ऐकला, असा त्याचा सारांश होता. मग इतरांनीही लिहिलं. मुंबईच्या पेपरात फोटो आला. एका मोठ्या नाटक मंडळीनं त्यांना बोलावून घेतलं. दौलतराव रजा टाकून गेले आणि आठ दिवसांत परत आले.

"काऊन परत आले?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

"तालमीची खोली लय शांत आहे, सर. काच लावली आहे भिताडाले. मले माहा सूरच सापडेना."

आम्ही दोघंही हसलो. त्यांना शांततेत सूर का सापडत नव्हता, हे तेव्हा कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत त्यांचा विदर्भभर सत्कार झाला. लोक त्यांना 'नटसम्राट' वगैरे म्हणायला लागले. त्यांच्यात मात्र काडीचा फरक पडला नाही. जेवताना ते भाकरीचे सारखे चार तुकडे करूनच पहिला घास घ्यायचे. प्रयोगाच्या दिवशी कुणाशी बोलायचे नाहीत, खिशातल्या खडीसाखरेलाही हात लावायचे नाहीत. प्रयोग झाला की मुठीनं खायचे. बायकोला, कमलवहिनींना, पहिल्या रांगेत बसू द्यायचे नाहीत. "थे समोर बसली का मी तिच्यासाठीच गातो. मांगचे लोक काय फुकट आले?"

मग लहान लहान गोष्टी घडायला लागल्या. मागून हाक मारली तर ते वळायचे नाहीत. मी बोलत असताना माझ्या डोळ्यांत न बघता ओठांकडे बघायचे. रंगमंचावर समोरच्याचं वाक्य संपल्यावर क्षणभर थांबून मग बोलायचे. मी तो अभिनय समजलो आणि तसं लिहिलंही, की 'उत्तरापूर्वीची त्यांची शांतता बोलकी आहे.' त्याची आज मला लाज वाटते.

हिंगणघाटच्याच एका प्रयोगात ते ऐकू आलं. 'थांब'चा पंचम लागला तो जागेवर नव्हता. केसभर वर. बाकी कुणाच्या लक्षात आलं नसेल. पण मी उमऱ्यांकडे पाहिलं. ते पेटीवरून बोटं उचलून स्वस्थ बसले होते. त्या सुरासोबत पेटी वाजली असती तर फरक उघडा पडला असता. टाळ्या नेहमीसारख्याच पडल्या. मी उमऱ्यांना आत जाऊन गाठलं. ते घाम पुसत म्हणाले, "सहा महिन्यांपासून असंच चालू आहे. मी पेटी सोडून देतो. काय करू, सर? त्याले कोण सांगन?"

मीच सांगणार, हे उघड होतं. तेच तर माझं काम होतं. त्या रात्री लेख लिहायला बसलो आणि ते वाक्य चार वेळा लिहून चार वेळा खोडलं. श्वास, अक्षर, नमस्कार, हे सुधारता येतं. पण हा सरकलेला सूर ते कसा सुधारणार होते? शेवटी नुसतं कौतुक छापून आलं.

रविवारी दौलतराव आले. हातात तुकडा नव्हता, अख्खा पेपर होता.

"यावेळेस काईच नाई?"

"काही नव्हतं," मी म्हणालो.

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग "बरं" म्हणाले आणि त्या दिवशी पहिल्यांदा आमच्याकडे बसून चहा प्यायले. चहा पिताना खुशीत होते. इतक्या वर्षांत एकदा तरी बिनचूक गायलो, असं त्यांना वाटलं असणार.

असं दोन वर्षं चाललं. मध्ये एकदा कमलवहिनी भाजीबाजारात भेटल्या. शांत बाई, कमी बोलणारी. मेथीची जुडी हातात धरून म्हणाल्या, "सर, तुमी सांगा न त्याहिले. मी सांगतलं तं म्हणते, तुले सुरातलं काय समजते? घरात टीव्ही एवढा मोठा करते, का भिताड हालते. पन मानत नाईत."

"सांगतो," मी म्हणालो.

"सर काय लिवते ते पाहू, म्हणते. तुमी चांगलं लिवता तंवर त्याहिले कोनाचंच पटत नाई."

मी तरीही सांगितलं नाही. प्रत्येक वेळी ठरवायचो आणि प्रत्येक वेळी तो माणूस फाटकातून हसत यायचा.

वर्ध्याच्या प्रयोगात सगळं कोसळलं. सूर केसभर नाही, चांगला एका पट्टीनं सरकला होता. पहिल्या पदापासूनच. उमऱ्यांनी त्यांच्यामागे पेटीची पट्टी बदलून पाहिली, मग सोडून दिली. मागच्या रांगांत कुजबूज झाली, दोघं-तिघं हसले. मी मान खाली घालून बसलो. 'थांब'ला दौलतराव हात पसरून उभे राहिले. आवाज तोच, भरलेला, निकोप. फक्त तो सूर नव्हता. ते ज्या खात्रीनं तिथे उभे होते ती मला बघवत नव्हती.

आणि दोन दिवसांनी नागपूरच्या एका मोठ्या पेपरात त्यांच्यावर आजवरचा सर्वांत गौरवाचा लेख आला. लिहिणारी समीक्षक नवी होती, हुशार होती. तिनं लिहिलं होतं की या नटानं शेवटी संगीताची चौकट जाणूनबुजून मोडली आहे. बापाचं दुःख सुरात मावत नाही म्हणून तो बेसूर होण्याचं धाडस करतो.

दौलतराव रविवारपर्यंत थांबले नाहीत. सोमवारी मधल्या सुट्टीत शाळेतच आले. शिक्षक-खोलीच्या बाहेर, नळाजवळ, मला बाजूला घेऊन त्यांनी पेपर उघडला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

"ही बाई म्हणते, मी सूर मोडला. जानूनबुजून. मी कवा मोडला?"

आजूबाजूला पोरांचा कल्ला होता. मला त्यांच्या कानाशी ओरडून सांगावं लागलं असतं. ते नको म्हणून मी त्यांना मागच्या बाजूला, प्रयोगशाळेच्या भिंतीशी नेलं. तिथे त्यांच्यासमोर उभा राहून, त्यांना माझे ओठ दिसतील असा, हळूहळू म्हणालो, "दौलतराव, सूर लागत नाही तुमचा. तुम्हाला ऐकू कमी येतं."

त्यांनी ते वाचलं. पुन्हा सांगायची गरज पडली नाही.

"कवापासून?"

"दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं." ते थोडा वेळ पेपरची घडी घालत राहिले. "दोन वर्षं तुमी लिवत होते न?"

"हो."

"मले माहीत होतं, कान गेला आहे थोडा. इतका नाई समजलो. म्या म्हटलं, कमी-जास्त झालं तं सर लिवतेच." मग ते म्हणाले, आणि एवढ्या वर्षांत त्यांचा खालचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला, "मी तुमच्याच कानानं गाऊन राह्यलो होतो, सर."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते सायकल काढून फॅक्टरीत कामावर गेले.

मी त्यांना दवाखान्यात नेलं. तेवढंच हातात उरलं होतं. वर्ध्याच्या डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवून तपासणी केली. बाहेर येऊन कागदावरची उतरत गेलेली रेघ दाखवली. यंत्रांच्या आवाजात चाळीस वर्षं काढल्यावर हे होतं, म्हणाले. गेलेलं परत येणार नाही. कानात लावायचं यंत्र दिलं. त्यानं बोलणं समजायला लागलं. दारावरची बेल, कमलवहिनींची हाक, कुकरची शिट्टी. दौलतरावांनी ते लावून एक तालीम केली. पहिल्या कडव्यातच थांबले आणि यंत्र काढून हातात घेतलं.

"उमरेची पेटी पत्र्यावानी वाजून राह्यली," म्हणाले. "माहा आवाजबी पत्राच."

उमरे रडायला लागले. दौलतरावांनीच त्यांच्या पाठीवर हात फिरवला.

त्यांनी रंगमंच सोडला. जाहीर वगैरे काही केलं नाही, पुढच्या बोलावण्यांना नाही म्हणाले एवढंच. मग तर गौरवाला ऊत आला. न गाणाऱ्या माणसाविषयी लिहायला सगळ्यांनाच सोपं जात असावं. जीवनगौरव झाले, शाली झाल्या. प्रत्येक ठिकाणी निवेदक आग्रह करायचा, "दोन ओळी तरी होऊन जाऊ द्या." दौलतरावांना ते ऐकू आलेलं असायचं किंवा नसायचं. ते हात जोडून उभे राहायचे. लोक त्याला विनय समजून आणखी टाळ्या वाजवायचे. मी त्यांच्यावर पुन्हा कधी लिहिलं नाही. खरं म्हणजे नाटकांवर लिहिणंच सुटलं.

निवृत्त झाल्यावर ते कमलवहिनींसह मुलीकडे वर्ध्याजवळ नालवाडीला राहायला गेले. मागच्या हिवाळ्यात मी वर्ध्याला कामाला गेलो होतो, तिथून त्यांच्याकडे गेलो. भीती वाटत होती, पण त्यांनी हाताला धरून अंगणात खुर्चीवर बसवलं. केस सगळे पांढरे झाले होते. भुवया स्वच्छ होत्या. तब्येतीच्या गोष्टी झाल्या, उमऱ्यांच्या मुलीच्या लग्नाच्या झाल्या. मग अचानक ते म्हणाले, "सर, एक काम करा. मी सूर लावतो. तुमी हात दाखवा. खाली असला तं हात वर करा, वर गेला तं खाली. लागला का थांबा."

"कशाला, दौलतराव?"

"करा न."

त्यांनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं. खुर्चीतून उठून ताठ उभे राहिले. छाती भरून घेतली आणि 'थांब' उचलला. पट्टीसाठी पेटी नव्हती, पण तो सूर माझ्या डोक्यात पंधरा वर्षं बसलेला होता. त्यांचा खाली होता. मी हात वर केला. ते चढले, जास्त चढले. मी हात खाली आणला. ते माझ्या बोटांकडे असे बघत होते, जसं कुणी अंधाऱ्या विहिरीत सोडलेल्या दोराकडे बघतं. पुन्हा वर. थोडा खाली. अगदी थोडा. आणि मग तो लागला.

मी हात थांबवला. दौलतरावांनी सूर तिथेच धरून ठेवला. वय झालं होतं, धार जरा बोथट झाली होती, पण तो तोच होता. कारंज्याच्या अंधारातला. कणकेच्या हातांनी कमलवहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग नवऱ्याकडे पाहत राहिल्या. दौलतराव आमच्या दोघांच्या चेहऱ्यांवर आळीपाळीनं काहीतरी शोधत होते. श्वास संपला तसे थांबले.

"लागला?"

मी मान हलवली.

"पक्का?"

"पक्का," कमलवहिनी म्हणाल्या. त्यांनी ते ओठ मोठे करून म्हटलं.

"कसा होता?" त्यांनी मला विचारलं.

आयुष्यभर मी हेच लिहीत आलो, की सूर कसा होता. कितीतरी शब्द वापरले. त्या अंगणात मला एकही सापडला नाही. "चांगला होता," मी म्हणालो.

"असन," ते म्हणाले आणि यंत्र पुन्हा कानात बसवायला लागले. नीट बसेना, म्हणून कमलवहिनींनी मनगटानं पदर सावरत पुढे होऊन बसवून दिलं. कानाला थोडी कणीक लागली. ती त्यांनी पुसली नाही.

चहा घेऊन मी निघालो. ते फाटकापर्यंत आले. "येजा सर, कवाबी," म्हणाले. त्यांच्या घरासमोरचा रस्ता ओलांडून मी ऑटोसाठी पलीकडे उभा राहिलो. ट्रक जात होते, एकामागे एक. दोन ट्रकांच्या मधून मला ते दिसले. फाटकाला पाठ लावून उभे होते. तोंड उघडं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. स्वतःचाच उजवा हात डोळ्यांसमोर धरून थोडा वर नेत होते, थोडा खाली आणत होते, पुन्हा वर नेत होते. ट्रकांच्या आवाजात मला काहीच ऐकू आलं नाही.